प्रकरण ७ : उचलणं सोपं, धरणं अवघड

घरच्या वर्कशॉपमध्ये जुना लेथ येतो तेव्हा तो चालतो की नाही हे नंतर बघितलं जातं. आधी प्रश्न पडतो तो टेम्पोवरून उतरवायचा कसा. साडेचार फुटी लेथ म्हणजे पाच-सहाशे किलोचं बीड. चौघांनी जोर लावला तरी लेथ जागचा हलत नाही, कमरा मात्र धरतात. हायड्रा क्रेन बोलवावी तर तासाचं भाडं भरायचं आणि ती गल्लीत शिरेल याची खात्री नाही. शिवाय उतरवून झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. आज चक बदलायचा असतो, उद्या मोटर खाली घ्यायची असते, परवा ट्रॅक्टरचं इंजिन बाकावर चढवायचं असतं. त्यामुळे हौशी कारागीर स्वतःसाठी जे पहिलं मोठं साधन बनवतो ते बहुधा उचलण्याचंच असतं: तिपाई, चाकांवरची गँट्री किंवा इंजिन क्रेन.

या उद्योगाला भिलाईइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. सुरुवातीची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची. अशा कारखान्यात माणसाच्या हाताने उचलावं असं फारसं काही नसतं. वितळलेल्या पोलादाच्या लॅडलपासून तयार रुळापर्यंत सगळं डोक्यावरच्या क्रेनला लटकून फिरतं. साहजिकच फिटर, वेल्डर, क्रेन ऑपरेटर आणि खलासी यांची एक पिढीच्या पिढी या गावात तयार झाली. खालून ‘हबेस’ अशी हाक आली की भार वर घ्यायचा आणि ‘आरिया’ म्हटलं की खाली सोडायचा, हे खलाशाला सांगावं लागत नाही. सेक्टरमधल्या क्वार्टरचं अंगण असो की नंदिनी रोडवरचं शटर, तिथे वेल्डिंग मशीन असतं, चॅनेलचे तुकडे असतात आणि सल्ला द्यायला कोणीतरी निवृत्त जाणकार असतो.

पण लोखंड मुबलक असलं की वेगळाच धोका उभा राहतो. हाताशी आलेला प्रत्येक तुकडा मजबूत वाटू लागतो. त्यातला कुठला तुकडा कुठे चालेल आणि कुठे जीव घेईल, हे ठरवायचं तर आधी एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. उचलणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

उचलण्याचा हिशेब

उचलण्याचा प्रश्न माणसाने फार पूर्वी सोडवला. कप्पी, तरफ, उतार, स्क्रू या सगळ्यांचा व्यवहार एकच: जोर कमी लावा, अंतर जास्त चाला. एक टन वजन एक मीटर वर न्यायचं असेल आणि तुमचा हात पंचवीस किलोच्या जोराने साखळी ओढणार असेल, तर घर्षण सोडून दिलं तरी हाताखालून चाळीस मीटर साखळी जायलाच हवी. प्रत्यक्षात घर्षणाचा कर वेगळा. चेन पुलीवर काम करणारा माणूस घामाघूम होतो आणि भार मात्र मुंगीच्या पावलाने चढतो, त्याचं कारण हेच.

हायड्रॉलिक जॅकमध्येही हाच हिशेब तेलाच्या भाषेत होतो. लहान दट्ट्याचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचं पंचवीस असेल तर जोर पंचवीस पट होतो. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर चढायला लहान दट्ट्याला एकूण पंचवीस सेंटिमीटर चालावं लागतं. दांड्याच्या तरफेने त्यात आणखी भर पडते, म्हणून एकटा माणूस भरलेल्या ट्रकची एक बाजू उचलू शकतो.

आपल्याकडच्या मोटेत तर उताराचा फारच हुशारीने वापर होता. बैल धावेवरून खाली उतरत, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही नाडा ओढायला मदत करी. पण भरलेली मोट अर्ध्यात थांबवायची वेळ आली तर? तेव्हा बैलांनाच उभं राहून ती तोलून धरावी लागे. धरण्यासाठी वेगळं साधन नव्हतं. या हिशेबातली उणी बाजू नेमकी इथेच आहे.

दोर तुटला तर?

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये एलिशा ओटिस हा माणूस पलंगांच्या कारखान्यात काम करत होता. सामान वरच्या मजल्यावर न्यायच्या पाळण्याचा दोर तुटला तर काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने घोडागाडीची कमान घेतली आणि पाळण्याच्या डोक्यावर अशी बसवली की दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राहील. दोर सैल पडला की कमान सरळ होऊन तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यात उभा राहिला आणि लोकांसमोर दोर तोडायला लावला. पाळणा जागेवर थांबला. पुढे उंच इमारतींत माणसं निर्धास्त वर-खाली करू लागली ती या भरवशावर. पाळणा उचलण्याची युक्ती आधीपासून होती. ओटिसने त्याला धरायला शिकवलं, तेही गाडीच्या जुन्या वस्तूला नवं काम देऊन.

त्याच सुमारास थॉमस वेस्टनने डिफरन्शिअल पुली आणली. तिच्यातलं घर्षण इतकं असतं की साखळी हातातून सोडली तरी भार आपसूक खाली येत नाही. आजच्या चेन पुलीत हे काम वेस्टनच्याच नावाने ओळखला जाणारा ब्रेक करतो. झाकण काढून बघितलं तर एका आट्याच्या दांड्यावर घर्षणाच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये दातेरी चाक दिसतं. त्या चाकावर एक छोटा खटका बसतो. भार वर जाताना ऐकू येणारी टकटक त्याचीच. हात थांबला की भार मागे फिरायला बघतो, पण तसं करताना तो आटाच आणखी आवळतो आणि चकत्या घट्ट चिकटतात. भार जितका जड तितकी पकड घट्ट. खाली घेताना आपण उलट दिशेने साखळी ओढतो तेव्हा आटा क्षणभर सैल होतो, भार थोडा उतरतो आणि पुन्हा स्वतःला आवळून घेतो.

म्हणूनच चेन पुली कुरकुरते म्हणून कोणी ब्रेकच्या चकत्यांवर तेल सोडलं तर ती सेवा नव्हे, घात आहे. तेल गिअरला आणि भाराच्या साखळीला द्यायचं. कोरड्या चकत्या कोरड्याच राहिल्या पाहिजेत.

बोअरवेलमधून सबमर्सिबल पंप काढणारी माणसं तर धरण्याची ही विद्या रोज वापरतात. बोअरवर तिपाई उभी करतात, तिला चेन पुली टांगतात आणि पाइप वर घेतात. एक पाइप पूर्ण बाहेर आला की लगेच सोडवत नाहीत. आधी खालच्या पाइपच्या सॉकेटखाली लोखंडी क्लॅम्प आवळून तो केसिंगच्या तोंडावर टेकवतात, सगळ्या पाइपांचं आणि मोटरचं वजन त्याच्यावर सोडतात, तो बसल्याची खात्री करतात आणि मगच वरचा पाइप फिरवून काढतात. घाईत क्लॅम्प अर्धवट आवळला की मोटर, केबल आणि पाइप सगळंच बोअरमध्ये जातं.

महाराष्ट्रात विहिरी खोदायला लागते ती यारी हीसुद्धा गावठी कारागिरीच. डिझेल इंजिन, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स, तारदोराचा ढोल आणि विहिरीवर झुकलेला खांब. दगडांनी भरलेली बादली ती सहज वर आणते. पण बादली अधांतरी असताना ती धरून ठेवणारा असतो फक्त चालकाच्या हातापायाखालचा ब्रेक, आणि विहिरीच्या तळाशी माणसं काम करत असतात. दोर झिजलेला किंवा ब्रेकचा पट्टा गुळगुळीत झालेला असेल तर वर ओढण्याची ताकद कितीही असून उपयोग नाही. गाडीच्या गिअरबॉक्सपासून विंच करणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं: गाडीचा गिअरबॉक्स चाकं फिरवण्यासाठी असतो, टांगलेला भार रोखण्यासाठी नाही. वर्म गिअर पुष्कळदा उलटा फिरत नाही हे खरं, पण कंपनाने तोही हळूहळू सरकू शकतो. वेगळा ब्रेक हवाच.

जॅकचंही तेच. तेल रोखून धरणारी झडप म्हणजे एक लहानशी गोळी आणि तिची बैठक. तिथे धुळीचा एक कण अडकला तरी दट्ट्या नकळत उतरू लागतो. जॅकने उचलावं, मग खाली लोखंडी घोडी सरकवावी, भार तिच्यावर सोडावा आणि नंतरच कोणी गाडीखाली जावं. बाटली जॅकपासून इंजिन क्रेन बनवणारे आणखी एक गोष्ट विसरतात. असे बहुतेक जॅक उभे ठेवूनच चालतात; आडवे केले की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. याच जॅकचा शॉप प्रेस मात्र उत्तम होतो, कारण तिथे तो उभाच राहतो आणि चौकटीतून दाब सुटला तरी वरून कोसळायला काही नसतं. नवशिक्याने पहिला प्रयोग प्रेसपासून करावा.

लोखंड आणि लोखंड

भिलाईची मुख्य ओळख रुळांची. भारतीय रेल्वेला इथून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ जातात. गावात रुळाचा तुकडा ऐरण म्हणून दिसणं त्यामुळे नवलाचं नाही, आणि त्याहून चांगली ऐरण घरी मिळणारही नाही. पण तोच तुकडा गँट्रीच्या आडव्या तुळईला किंवा पायाला वेल्ड करावा हा मोह टाळायला हवा. रुळात कार्बन साधारण ०.६ ते ०.८ टक्के असतो. झीज सोसावी म्हणून तो मुद्दाम कडक केलेला असतो. साध्या रॉडने वेल्ड केलं की जोडाशेजारची पट्टी तापून झपाट्याने थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. तडा आत जातो, बाहेर दिसत नाही. रूळ जोडायला रेल्वे वेगळ्या पद्धती वापरते आणि तापमान जपते, ते याच कारणासाठी.

सळईची गोष्टही अशीच. टीएमटी सळई गरम असताना पाण्याच्या फवाऱ्याने बाहेरून विझवतात, म्हणून तिची साल कडक आणि गाभा चिवट असतो. काँक्रीटमध्ये ही जोडी झकास काम करते. हुक करण्यासाठी मात्र कोणी ती लाल होईपर्यंत तापवून वाकवली, तर सालीची ताकद त्या वाकलेल्या जागीच निघून जाते. गारच वाकवली, तर अरुंद वळणावर बरगडीपाशी चीर सुरू होते. ट्रकच्या कमानपट्ट्याचा हुक तर त्याहून वाईट. तापवून पाण्यात बुडवलेला स्प्रिंग स्टीलचा हुक आधी न वाकता एकदम तुटतो.

बाजारातला घडीव हुक मुद्दाम चिवट ठेवलेला असतो. भार जास्त झाला की तो आधी उघडतो, म्हणजे इशारा देतो. तोंड फाकलेला किंवा पिळलेला हुक ठोकून पूर्ववत करणं म्हणजे तो इशारा पुसून टाकणं. त्याला सरळ भंगारात टाकावं. तुटलेली कडी वेल्ड केलेली साखळी, बोल्ट घालून जोडलेली साखळी यांनाही तोच न्याय.

चौकटीसाठी मात्र साधं मृदू पोलादच हवं. आय-बीम, चॅनेल, अँगल. ते सहज वेल्ड होतं, तुटण्याआधी बरंच वाकतं आणि त्याची ताकद ठरलेली असते. साध्या बांधकामाच्या पोलादाची कायमचं वाकण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन धरतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अडीच टन.

कागदावरची गँट्री

आता या आकड्यांचा उपयोग करू. आयएसएमबी १५०, म्हणजे दीडशे मिलिमीटर उंचीचा, मीटरला सुमारे १५ किलोचा आय-बीम घ्या. तीन मीटर अंतरावर दोन आधार आणि मध्यभागी एक टन भार. वाकवणारा जोर काढायला भाराला अंतराने गुणून चाराने भागायचं: १००० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ७५० किलो-मीटर. या बीमच्या छेदाचा मापांक सुमारे ९७ घनसेंटिमीटर. भागाकार केला की ताण निघतो चौरस सेंटिमीटरला सुमारे ७७५ किलो. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मध्यभागी बीम जेमतेम चार मिलिमीटर झुकतो.

आता तोच बीम पाच मीटरवर टाका. ताण चौरस सेंटिमीटरला सुमारे १३०० किलोवर जातो आणि झुकाव साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. अंतर पावणेदोन पटही झालं नाही, झुकाव मात्र साडेचार पटीहून वाढला, कारण तो अंतराच्या घनाने वाढतो. झुकलेल्या बीमवर ट्रॉली आपोआप मध्याकडे घसरते. लांब, अरुंद बीमला आडवा लवण्याचीही खोड असते. म्हणून घरच्या गँट्रीत रुंदीचा हव्यास नको.

पाइपवाल्यांनी तर हिशेब करायलाच हवा. दीड इंची मध्यम जाडीचा जीआय पाइप दीड मीटर अंतरावर टाकला तर मध्यभागी दोनशे किलोलाच चौरस सेंटिमीटरला दीड टनाहून जास्त ताण येतो. साडेतीनशेला तो वाकेल आणि तसाच राहील. ज्या पाइपवर काल मोटरसायकलचं इंजिन सहज लटकलं, त्यावर आज लेथचा हेडस्टॉक लटकेल असं समजणं म्हणूनच महागात पडतं.

पट्ट्याने किंवा तारदोराने भार बांधतानाही असाच फसवा हिशेब असतो. एक टन भार दोन पायांच्या स्लिंगने उचलताना पाय जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर ५७७ किलो येतात, ४५ अंशांत ७०७ आणि ३० अंशांत पूर्ण एक टन. १५ अंशांवर गेलात तर प्रत्येक पायावर जवळजवळ दोन टन. छत खाली आहे म्हणून स्लिंग आखूड करणारा माणूस नकळत भार दुप्पट करत असतो. तारदोराच्या टोकाला यू-क्लॅम्प लावताना त्याची खोबण भाराच्या बाजूच्या दोरावर बसवायची आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भार वाहणाऱ्या दोरालाच चेपतो.

जमिनीपर्यंतची वाट

हुकपासून निघालेला भार साखळीतून बीममध्ये, बीममधून जोडात, जोडातून पायात, पायातून चाकात आणि चाकातून फरशीत उतरतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारायचं: इथे किती येतोय आणि इथलं काय धरतंय? पत्र्याच्या शेडच्या कैचीला चेन पुली टांगणाऱ्याने हा प्रश्न विचारलेला नसतो. ती कैची पत्रा आणि वारा सोसायला बांधलेली असते. छतातला पंख्याचा हुक पंख्यासाठीच असतो.

चार चाकांच्या गँट्रीत प्रत्येक चाकावर पाव भार येतो हे कागदावरचं खरं. फरशी जराही उंचसखल असली की कर्णातली दोनच चाकं जवळजवळ सगळा भार घेतात, म्हणून प्रत्येक चाक निम्म्या भाराचं असावं. भार लटकलेला असताना गँट्री ढकलायचीच झाली तर पायाशी धरून ढकलायची आणि भार जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवायचा. तिपाईचे पाय फाकू नयेत म्हणून ते खाली साखळीने एकमेकांना बांधायचे. इंजिन क्रेनच्या बाहीवर २ टन, दीड टन, १ टन, अर्धा टन असे आकडे असतात, कारण बाही बाहेर काढली की क्षमता उतरत जाते. घरी क्रेन केली तर हे आकडे तिच्यावरही रंगवायला हवेत.

मोठ्या कारखान्यांना ही शिस्त १९४८ च्या कारखाना कायद्याने लावली. त्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याची यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली आणि ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त भार उचलायला मनाई केली. अंगणातल्या वर्कशॉपमध्ये मात्र तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. मग चाचणी आपणच घ्यायची. कारखान्यातली क्रेन क्षमतेच्या सव्वापट भाराने तपासतात, तोच नियम इथेही पाळावा. एक टनाच्या गँट्रीला पन्नास किलोची पंचवीस पोती सिमेंट लागेल. अडीचशे किलोच्या क्रेनला दीडशे लिटर पाणी भरलेले दोन ड्रम पुरतात. भार वीतभर उचलायचा, माणसं दूर करायची, दहा मिनिटं तसाच ठेवायचा. बीमचा झुकाव मोजायचा, उतरवल्यावर तो पूर्ण सरळ झाला का बघायचं, वेल्डवर रंगाला तडा गेलाय का बघायचं आणि भार आपसूक किती खाली आला तेही टेपने मोजायचं. हे शेवटचं माप ब्रेकचं प्रगतिपुस्तक आहे.

घरी काय बनवायचं आणि विकत काय घ्यायचं, याचं उत्तरही इथेच मिळतं. बीम, पाय, तिरके टेकू, प्रेसची चौकट यांची ताकद आकारात असते. आकार टेपने मोजता येतो, कागदावर पडताळता येतो, चाचणीत डोळ्यांना दिसतो. ही कामं घरी करावीत, भंगारातल्या चांगल्या चॅनेलपासूनही करावीत. हुक, भाराची साखळी, शॅकल, तारदोर आणि ब्रेक यांची ताकद धातूच्या आत असते, तो कसा तापवला आणि कसा थंड केला यात असते. ती बघून कळत नाही. या वस्तू क्षमतेचा शिक्का बघून दुकानातून घ्याव्यात. मुंबईच्या हर्क्युलिस होइस्ट्ससारख्या कंपन्यांनी १९६० च्या दशकापासून हेच तर बनवलं. चेन पुलीसाठी चार पैसे जास्त गेले तर चौकटीत वाचवलेल्या पैशातून ते कधीच वसूल झालेले असतात.